पंकजाच्या मागं पडणारं गेट

पूर्णा गावाबाहेर बुधवारी संध्याकाळी सायकलींची शर्यत लागते. मेडिकलवाल्या प्रीतमनं ती सुरू केली. पेट्रोल पंपापासून निघायचं, रेल्वेचं गेट ओलांडून पुढच्या गावच्या वेशीपर्यंत जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. जिंकणाऱ्याला झेंडूचा हार आणि सगळ्यांना चहा. पावसाळा संपला की दिवाळीपर्यंत हे चालतं.

पंकजा या शर्यतीत आली ती दुधामुळं. घरी दोन दुभत्या म्हशी, कॅन सायकलला अडकवून ती रोज दूध घालायला पूर्णेत यायची. एका बुधवारी रिकामे कॅन घेऊन घरी निघाली, तेव्हा शर्यतवाले मागून आले. वाट द्यायची सोडून तिनं पायडलवर जोर दिला. कॅन खडखडत होते, तरी निम्म्या लोकांना ती काही पुढं सरकू देईना. प्रीतम चहाच्या वेळी तिला म्हणाला, "वहिनी, पुढच्या बुधवारी कॅन घरी ठेवून या." आणि आपली जुनी गिअरची सायकल तिला दिली.

तिचा नवरा भारत त्याच रस्त्यावरच्या गेटवर गेटमन होता. तो एवढंच म्हणाला, "जा, पण पडू नको."

पहिल्या बुधवारी ती मधेच कुठंतरी आली. दुसऱ्या बुधवारी मात्र परतताना तिनं चढावर सगळ्यांना मागं टाकलं. गेट ओलांडलं आणि पाठीमागं घंटा वाजायला लागली. वळून बघितलं तर गेट खाली येत होतं आणि बाकीचे सगळे पलीकडं अडकले होते. त्या दिवशी हार तिला मिळाला. तिसऱ्या बुधवारीही तसंच झालं. ती पार झाली, गेट पडलं, हार तिलाच.

हाराचं कौतुक कुणी केलं नाही. शाळेत खेळ शिकवणारा भुजंग दरसाल जिंकायचा. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "नवरा गेटवर अन् बायको पुढं. आमी काय बावळट हाव का?"

"गाडी आली म्हणून गेट पडलं," पंकजा म्हणाली.

"गाडीला बी तुमचीच वेळ सापडती व्हय?"

लोक हसले. पंकजानं हार कॅरियरला अडकवला आणि निघाली. वाटभर भुजंगचा राग येत होता. घराजवळ येईपर्यंत मात्र रागाची दिशा बदलली. पहिल्याच खेपेला गेट पडलं ते समजण्यासारखं होतं. दुसऱ्यांदाही बरोबर आपल्याच मागं?

रात्री ड्युटी संपवून आल्यावर भारत जेवायला बसला. तिनं विचारलं, "आज गेट लवकर पडलं का?"

"ठेसनावरून फोन आला, पाडलं," तो ताटातून मान वर न करता म्हणाला.

त्यानंतर तिला भलत्याच गोष्टी दिसायला लागल्या. न सांगता त्यानं तिच्या सायकलच्या चेनला तेल घातलं होतं. एरवी तो स्वतःची चप्पल जाग्यावर ठेवत नसे. मंगळवारी संध्याकाळीही भारत घरी नव्हता, म्हणून ती त्याचा डबा घेऊन गेटवर गेली, तर तिथं दुसरा गेटमन बन्सीधर बसलेला.

"भारतभौ सकाळच्याला येऊन गेले. सध्या संध्याकाळी मीच हाय," बन्सीधर म्हणाला. "बुधवार तेवढा ते मागून घेतेत. मागल्या हप्त्यात बी घेतला हुता."

डबा तसाच घेऊन ती परत आली. 

चौथ्या बुधवारी परतताना ती पुन्हा सगळ्यांच्या पुढं होती. गेट उघडं होतं. केबिनच्या दारात भारत उभा होता. पंकजानं ब्रेक दाबला आणि रुळांच्या अलीकडंच खाली उतरली.

"थांबलीस कामून? जा की!" भारत ओरडला.

ती हलली नाही. भुजंग तिच्याकडं आश्चर्यानं बघत गेला. त्याच्या मागून बाकीचे गेले. शेवटचा माणूस पार झाला तरी गेट उघडंच होतं, घंटाही वाजली नाही. सगळ्यांच्या शेवटी ती सायकल हातात धरून पलीकडं गेली. नवऱ्याकडं बघितलं नाही.

भारत घरी आला तेव्हा ती म्हशीला वैरण टाकत होती. "आज गाडी न्हाई आली?" तिनं विचारलं.

"आली. मागून आली."

"अन् मागच्या बुधवारी?"

भारत ओट्यावर बसला. "फोन आला हुता. म्या नियमानंच पाडलं."

"रोज नियमानंच पाडता का?"

 तो म्हणाला, "न्हाई. रोज फोन आला तरी समोरची माणसं निघू देतो, मग पाडतो. त्या दोन्ही दिशी थांबलो न्हाई. तू पार झालीस की लगेच पाडलं. तुझ्या गळ्यात हार बघायचा हुता मला. लय वाटत हुतं."

"माझ्या पायात जोर न्हाई असं वाटलं का तुमाला?"

तो उठला आणि बादली घेऊन पाण्याला गेला. ते उठून जाणं तिला भुजंगच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

पुढच्या बुधवारी शर्यत सुटायच्या आधी तिनं सगळं सांगून टाकलं. दोन्ही हार माझे नाहीत म्हणाली, आणि रस्ता बदला म्हणाली. "हे बी नाटक असंल," भुजंग पुटपुटला. पण प्रीतमनं ऐकलं. शर्यत दुसऱ्या बाजूला, कालव्याच्या रस्त्यानं न्यायचं ठरलं. तिथं ना रूळ, ना गेट. त्या दिवशी पंकजा तिसरी आली.

दिवाळीआधीच्या शेवटच्या बुधवारी कालव्याच्या पुलापासून ती आणि भुजंग दोघंच पुढं राहिले. भुजंग सारखा मागं वळून बघत होता. वळणावर असाच वळला आणि पंकजा आतल्या बाजूनं निघून गेली. मग ती त्याला सापडली नाही.

भुजंगनं धापा टाकत तिची सायकल मागितली. सगळ्यांदेखत उलटी केली, चाक फिरवलं, सीटखाली बोटं घालून चाचपलं. मोटर-बिटर काही निघालं नाही. सायकल सरळ करून त्यानं तिच्या हातात दिली. "वळणाला कोणत्या गिअरवर हुतात?" एवढंच विचारलं.

तेवढ्यात तिला गर्दीत भारत दिसला. बुधवारची ड्युटी त्यानं बन्सीधरला परत दिली होती. तो हसत पुढं आला. पंकजा हसली नाही.

"तुमी शर्यत चालू असताना कुठं हुतात?"

"हितंच. पंपाजवळ. प्रीतमला इचार."

पंकजानं खरंच प्रीतमला विचारलं. तो म्हणाला, "पहिल्यापासून माझ्याजवळच हायेत, वहिनी. चहाचे कप धुवायलेत."

तेव्हा कुठं तिनं मान खाली करून हार घालून घेतला.