हात नव्हे, मनगट

इस्माईलभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी मस्कतमधल्या मवालेहच्या भाजीबाजारात कैऱ्या निवडत उभा होतो. हातातल्या कैऱ्या परत टोपलीत ठेवल्या आणि तसाच गाडीकडे निघालो. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसलो होतो. निघताना मी हात पुढे केला, तर त्यांनी तळहात सोडून माझं मनगट धरलं, नेहमीसारखं. म्हणाले, "यल्ला, नीघ आता, बीकॉम. वहिनी वाट बघत असतील." पकड ढिली झाली होती, पण जागा चुकली नव्हती...

बीकॉम ही माझी पदवी. आमच्या घराण्यात ती मिळवणारा मी पहिला, आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. पण त्या पदवीत इस्माईलभाईंचा वाटा आहे. रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या अलीकडच्या काठाला माझं गाव, पलीकडच्या काठाला त्यांचं. कॉलेजला जाणारी एस.टी. त्यांच्या काठावरून सुटायची. त्यांचे वडील उतारूंची होडी चालवायचे आणि माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा इस्माईल माणसांना होडीत चढवून घ्यायचा, प्रत्येकाला मनगटाला धरून. "तळहात ओला असतो, सुटतो. मनगट सुटत नाही," हे त्याचं म्हणणं. मला उशीर झाला तर तो होडी थांबवून ठेवायचा. उतारू कुरकुरले की म्हणायचा, "थांबा वायच. आख्ख्या काठाला मिळून एक बीकॉम होतोय, त्याला टाकून कसं जायचं?" मी पास होण्याआधीच त्यानं मला पदवी देऊन टाकली होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी अकाउंटंट म्हणून मस्कतला आलो, तेव्हा 'तो'चे 'ते' झाले होते. शहरातल्या हमरिया भागात त्यांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी अरबीत, नोकरांशी हिंदीत आणि माझ्याशी आमच्या खाडीच्या बोलीत, असा तिन्ही त्रिकाळ आवाज चालू. दुकानात गल्ल्याच्या मागे एक जुनं कॅलेंडर होतं. इटलीतल्या कुठल्याशा कापडवाल्यानं पाठवलेलं, त्यावर व्हेनिसचं चित्र. घरांच्या दारात पाणी आणि पाण्यात काळी, निमुळती होडी. साल उलटून गेलं, कॅलेंडर उतरलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "जुबेदाला तिथं न्यायचंय."

जुबेदाभाभी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांचं माहेर आमच्या काठाला. लहानपणी धक्क्यावरून होडीत उतरताना त्यांच्या धाकट्या भावाचा हात त्यांच्या हातातून सुटला. तो सापडला तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर भाभी कधी होडीत बसल्या नाहीत. होडीवाल्याच्या घरात लग्न होऊन आल्या, त्यासुद्धा रस्त्यानं, वळसा घालून. दर सुट्टीत हेच. माहेर समोर दिसतंय, हाक मारली तर ऐकू जाईल, आणि ह्या गाडीतून अर्धा दिवस फिरून तिकडे जाणार. इस्माईलभाई एकटे होडीनं जाऊन सासूच्या ओट्यावर वाट बघत बसणार. "सगळ्या गावाला होडीत घेतलं रे," एकदा ते मला म्हणाले, "स्वतःच्या बायकोला नाही घेतलं. एकदा माझ्या शेजारी होडीत उभी राहू दे, खलास, दुसरं काही नको." मग व्हेनिसच कशाला, गावची खाडी आहे की, असं मी म्हटलं. ते कॅलेंडरकडे बघत राहिले. "गावच्या पाण्यात तो पोरगा आहे. दुसऱ्या पाण्यावर नेऊन बघतो."

आखातातल्या आमच्यासारख्यांची सुट्टी म्हणजे गाव. लग्न, बारसं, मयत, घराचा स्लॅब... काम असल्याशिवाय आम्ही कुठं गेलोच नव्हतो. नुसतं बघायला म्हणून कुणी परदेशी जातं, हे आमच्या दोन्ही घरांत पहिल्यांदाच घडत होतं. दोन हजारनंतरच्या एका उन्हाळ्यात आमची मुलं आजोळी धाडली आणि आम्ही चौघं, इस्माईलभाई, भाभी, मी आणि माझी बायको सुनंदा, व्हेनिसला निघालो. भाभींनी एकच अट घातली होती. "शहरापर्यंत बस जाते ना? मग येते. होडीचं नाव काढायचं नाही." सवयीनं आम्ही गावाला नेतो तसा दोरीनं बांधलेला खोकाही घेतला होता, वर मार्करनं ठळक नाव. विमानतळावरच्या पट्ट्यावर चकचकीत बॅगांमधून तो एकटा खोका डुलत आला, तेव्हा सुनंदा म्हणाली, "घ्या, आले आपले पाहुणे."

इस्माईलभाईंचा हिशेब साधा होता. पाण्यातलं शहर, म्हणजे होडीशिवाय गत्यंतर नाही. पहिल्याच सकाळी तो कोसळला. त्या शहरात जिथं पाणी तिथं पूल! दगडी पायऱ्यांचे, कमानीचे, गल्लीगल्लीत. भाभी पहिल्या पुलावर उभ्या राहिल्या आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. "अहो, इथं तर नुसते साकवच साकव! तुमच्या होडीला कोण विचारतो?"

मग त्या पुढे आणि आम्ही मागे. सगळं शहर आम्ही चालून बघितलं. मोठ्या चौकातलं ते चर्च, आत छतभर सोनेरी काचतुकड्यांची चित्रं, मान वर करून करून दुखायला लागली. राजवाडा बघितला, आणि तुरुंगाकडे नेणारा तो बंदिस्त पूलही, ज्याच्या खिडकीतून कैद्याला शेवटचं पाणी दिसायचं. तिथं भाभी खिडकीपासून लांबूनच पुढे गेल्या. बाहेर आल्यावर चौकातल्या कबुतरांना खोक्यातल्या लाडवाचा चुरा घातला. इस्माईलभाईंचे गुडघे बोलायला लागले होते. काळ्या होड्या शेजारून जायच्या, नावाडी हाका मारायचे, आणि हे हात हलवून नको म्हणायचे. एकदाही त्यांनी आग्रह केला नाही. मीच चिडून म्हटलं, "एवढे आलो, तर बसवा ना त्यांना!" ते म्हणाले, "बीकॉम, माणूस ओढून होडीत घ्यायचा नसतो. त्यानं पाऊल उचललं की मग धरायचा."

शेवटच्या सकाळी आम्ही तिथल्या मासळी बाजारात गेलो. भाभींना व्हेनिसमधलं सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर तो बाजार. त्यांनी एका माशाचे कल्ले उचलून बघितले, विक्रेता इटालियनमध्ये ओरडला, भाभींनी त्याला मराठीत सुनावलं, "ताजा असता तर ओरडला नसतास." बाजाराच्या मागंच मोठा कालवा, आणि तिथं एक साधी होडी माणसांना ह्या काठावरून त्या काठावर नेत होती. ना गाणं, ना गाद्या. माणसं उभीच. एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन चढली, एक बाई मासळीची पुडी घेऊन. भाभी बघत राहिल्या. होडी गेली, आली, पुन्हा गेली.

"ही तर आपल्याकडच्यासारखीच हो," त्या हळूच म्हणाल्या.

"हां," इस्माईलभाई म्हणाले. एवढंच.

होडी पुन्हा लागली. इस्माईलभाई आत उतरले, वळले आणि नुसते उभे राहिले. भाभी पायरीच्या कडेला. ओठ हलत होते, बहुधा दुआ म्हणत असाव्यात. मग त्यांनी पाऊल उचललं... आणि इस्माईलभाईंनी त्यांचं मनगट धरलं. मागोमाग मीही चढलो; सुनंदा बाजारातच मासे बघत रेंगाळली होती. कालवा ओलांडायला लागतात तेवढी दोन-चार मिनिटं. भाभींचे डोळे मिटलेले होते, मध्यावर उघडले. पलीकडे उतरल्यावर त्या म्हणाल्या, "त्याला असं कुणी धरलं असतं तर..." आणि मग रडल्या. पुष्कळ रडल्या. डोळे पुसून नवऱ्याला म्हणाल्या, "आता परत कसं जायचं?"

"पूल आहे की लांबवर. साकवच साकव."

"चला होडीनं," भाभी म्हणाल्या. "सुनंदा पलीकडे एकटीच मासे बघत बसेल."

त्याच सुट्टीत पुढे आम्ही गावी गेलो, तेव्हा त्या खाडी ओलांडून होडीनं माहेरी आल्या. धक्क्यावर मी होतो. त्यांची म्हातारी आई खाली येऊन उभी होती, तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. आणि इस्माईलभाई ओरडले, "बीकॉम, बाजूला हो, मालकीण उतरतायत!"

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागं पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात आहेत, त्यामुळे सुनंदाच आत जाऊन भेटून आली. बाहेर येऊन तिनं निरोप दिला. इद्दत संपली की भाभी गावी जाणार आहेत, इन्शाल्ला होडीनंच, आणि सोबत नातीला, आलियाला नेणार आहेत. दुकानातलं ते कॅलेंडर त्यांनी घरी मागवून आतल्या खोलीत लावलंय.

आम्ही निघालो तेव्हा आलिया खाली गाडीपर्यंत पोचवायला आली. सहा-सात वर्षांची पोर, इंग्रजीत फडाफडा, मराठीत अडखळत. रस्ता ओलांडायचा होता म्हणून मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवला आणि आपल्या इवल्या बोटांनी माझं मनगट धरायचा प्रयत्न केला. अर्धंच मावलं.

"अंकल, असं पकडायचं," ती म्हणाली. "दादीनं शिकवलं."