आई म्हणते, बाबा म्हणतात

आमच्या घरात कधी भांडण होत नाही, असं मी कचेरीत मिरवत असे. डोंबल! भांडण होत नव्हतं हे खरं, पण भांडायला आधी बोलावं लागतं. आमच्याकडे अबोला होता. सात महिने.

कारण सांगते, म्हणजे तुम्हाला हसता येईल. नवऱ्याची नोकरी हिंजवडीत. कंपनीच्या बसमधून जाण्यायेण्यात रोजचा जीव जातो, म्हणून त्यांनी तिकडेच एक फ्लॅट बघितला, पसंत केला आणि बुक करून मोकळे झाले. मला हे कळलं शेजारणीकडून, मंडईत, गवार घेताना. माझी कचेरी शहरात, मुलीची शाळा शहरात, आणि आमचं नवं घर मला शेजारीण सांगतेय. घरी येऊन जाब विचारला, तर म्हणाले, "तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस." त्या दिवसापासून मी त्यांना 'अहो' म्हणायचं बंद केलं.

अबोल्याचं बाळकडू मला माहेरीच मिळालेलं. आमच्या आईला त्याचा अभिमान होता. आपण काही भांडी आपटणारी माणसं नाही, असं ती म्हणायची. अबोल्यात सगळं कसं नीटनेटकं चालतं. शेजाऱ्यांना कळत नाही, जेवणं वेळेवर होतात, लग्नकार्यात जोडीने मिरवता येतं. फक्त मध्ये निरोप न्यायला एक माणूस लागतं. माहेरी ते माणूस मी होते. आता माझी मुलगी होती, सातवीतली.

"बाबांना सांग, ताट वाढलंय." "आईला सांग, उद्या मला डबा नको." आणि आम्ही तिघंही एकाच खोलीत, हातभर अंतरावर! मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसते. आलेला कागद नोंदवायचा आणि पुढे पाठवायचा, आत काय लिहिलंय त्याच्याशी आपला संबंध नाही. पोरीला आम्ही घरात तेच टेबल देऊन बसवलं होतं, आणि ती ते काम बिनबोभाट करत होती. किती समजूतदार आहे, असं मला वाटायचं. मेली माझी अक्कल!

मग एक दिवस शाळेतून फोन आला. वर्गाच्या बाई म्हणाल्या, तुमची मुलगी तोंडी परीक्षेत थट्टा करते. विषय होता सहलीचा. सहल कुठे न्यावी, तुझं मत सांग. ही उभी राहिली आणि म्हणाली, आई म्हणते खडकवासला जवळ आहे, बाबा म्हणतात तिथे गर्दी असते. बाई म्हणाल्या, ते राहू दे, तुझं काय मत? ही गप्प. पुन्हा विचारलं, तर पुन्हा 'आई म्हणते'. वर्ग हसला. बाईंना वाटलं, पोरगी आपली टर उडवतेय. मग सगळ्या वर्गासमोर त्यांनी तिला सुनावलं की तुझ्या डोक्यात स्वतःचं काही आहे की नाही, जा आता समुपदेशनाला.

समुपदेशनाला जा. पूर्वी 'बाकावर उभी राहा' म्हणत, तसं. शाळेने मोठ्या कौतुकाने समुपदेशन सुरू केलं होतं, माहितीपत्रकात फोटो छापून. पण वर्गात ती शिक्षा होती. गृहपाठ नाही? समुपदेशनाला पाठवीन. मारामारी केली? समुपदेशनाला पाठवीन. शिपाई वर्गाच्या दारात उभा राहून मोठ्याने विचारायचा, समुपदेशनवाली कोण? आठवड्याभरात माझ्या मुलीचं नाव पडलं, 'केस'. डब्याच्या सुट्टीत तिच्या शेजारी कोणी बसेना. सकाळी उठलं की तिचं पोट दुखायचं. मग तिने वर्गात बोलणंच सोडलं, आणि हळूहळू घरातही. निरोप तेवढे पोचवायची. स्वतःचं असं एक वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडेना. भूक लागलीय का विचारलं तरी माझ्या तोंडाकडे बघायची, मी काय म्हणते ते ऐकायला. त्या दिवशी मी घाबरले. ही पोर अशीच राहिली तर?

तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी शाळा गाठली. मोठ्या बाईंनी मला बसा म्हणून सांगितलं नाही. मी म्हटलं, आजारी मुलाला डॉक्टरकडे नेताना कोणी वर्गात दवंडी पिटतं का? त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "आधी आपल्या घरचं बघा. शाळेला कशाला बोल लावता?" आणि शिवाय, जमत नसेल तर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा, हेही सुनावून झालं. मी आणखी चिडले. अर्धी त्यांच्यावर, आणि अर्धी त्या खरं बोलल्या म्हणून.

समुपदेशनाची खोली जिन्याखाली होती. दारावर पाटी, समुपदेशन कक्ष. खाली जुन्या रंगात, लेझीम वापरून झाल्यावर जागेवर ठेवणे. आत खो-खोचे खांब, लेझीमचा ढीग, आणि त्या पसाऱ्यात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर पंचविशीतली एक मुलगी. हीच समुपदेशक. आठवड्यातून दोन दिवस यायची, सगळ्या शाळेला मिळून. मला वाटलं, ही काल कॉलेजातून सुटलेली पोर मला संसार शिकवणार! तिने काही शिकवलं नाही. एवढंच म्हणाली की मुलीशी बोलून झालंय, आता मला तुम्ही दोघं हवे आहात.

नवऱ्याला अर्थातच मुलीकरवी निरोप गेला. ते अर्धी रजा काढून आले, हे मान्य करायला हवं. आम्ही तिघं ओळीने बसलो, पोर मध्ये. समुपदेशकाने विचारलं, घरात सगळ्यात जास्त कोण बोलतं? मी मुलीकडे वळले आणि म्हणाले, "बाबांना सांग, आधी त्यांनी बोलावं."

तोंडातून गेलं, आणि मग माझंच मला ऐकू आलं. नवऱ्याने मान खाली घातली. पोर मात्र सवयीने बाबांकडे वळून सांगायला लागली, "आई म्हणते..." तिला मध्येच थांबवून समुपदेशकाने मैदानावर खेळायला पाठवलं. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "आता तुमच्या दोघांत कोणी नाही. बोला."

बोला म्हणे! लेझीमच्या ढिगाकडे बघत किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तेच बोलले. म्हणाले, मी भ्यालो होतो, तू नाही म्हणशील म्हणून विचारलंच नाही. मी म्हटलं, अहो, विचारलं असतंत तर कदाचित हो म्हटलं असतं. खरं तर म्हटलं नसतं. पण सात महिन्यांनी 'अहो' म्हणताना आवाज असा फुटला की पुढे दोघांनाही भांडता येईना. नंतर मात्र, दोन-तीन भेटींत, मनसोक्त भांडलो. समुपदेशकाने एकच नियम घातला होता, निरोप बंद. पोरीने कोणाचाही निरोप पोचवायचा नाही.

घरात आता आवाज चढतात. फ्लॅटचं अजून ठरायचंय आणि शेजाऱ्यांना सगळं ऐकू जातं. जाईना का! पोरीचं पोट दुखायचं थांबलं. एक दिवस तिने मला सांगितलं की तिला गवार मुळीच आवडत नाही, कधीच आवडली नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

इथे गोष्ट गोड संपली असती. पण नव्या सत्रात ती समुपदेशक दिसली नाही. मानधनावरची नेमणूक होती, वाढवली नाही. कारण काय, तर पालकांचा प्रतिसाद नाही. प्रतिसाद कुठून येणार? शिक्षा म्हणून पाठवताना कोणी विचारत नसे, पण मुलाला त्या खोलीत नेमाने पाठवायचं तर पालकांची संमती लागायची, आणि सही करायची म्हणजे आपल्या घरात काही बिघडलंय हे शाळेला लिहून द्यायचं. कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची! जिन्याखालची पाटी उतरली. लेझीम मात्र जागेवर आहेत.

परवा पालकसभा झाली. मुलांनाही बसवलं होतं. मोठ्या बाईंनी गणवेश, शिस्त, स्नेहसंमेलन सगळं उरकलं आणि विचारलं, कोणाला काही बोलायचंय का? सगळे पालक मूग गिळून बसलेले. पुढच्या रांगेतल्या दोघी मला ठाऊक होत्या. त्यांची मुलं त्या जिन्याखाली रडून आलेली मी पाहिली होती. त्याही गप्प. मीही. माझ्या कचेरीतली एक बाई मागेच बसली होती, जिच्यापुढे मी न भांडणारं घर मिरवलं होतं.

मी मुलीला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाले, "बाईंना विचार ना, ती ताई परत कधी येणार."

तिने माझ्याकडे बघितलं. आवाज जराही न चढवता म्हणाली, "मी निरोप सांगत नाही आता. तुझं तू बोल."

मी उठले. म्हटलं, "माझी मुलगी त्या खोलीत बसत होती. आणि मीही बसत होते."