ड्वॉर्फला जादू येत नाही

रविवारी दुपारची जेवणं उरकली की महाडच्या आमच्या भाड्याच्या खोलीत एक दरी उघडायची. भाऊ सतरंजीवर हाताने काढलेला नकाशा पसरायचा, आम्ही तिघं कडेने बसायचो, आणि थोड्या वेळाने सतरंजी कुठे संपते हे कुणालाच सांगता आलं नसतं. नकाशातल्या नदीला काहीतरी लांबलचक परदेशी नाव होतं. पण तिच्या काठावर मगरी ऊन खात पडायच्या, म्हणजे ती महाडची सावित्रीच. डोंगराआडच्या मनोऱ्यातून पिवळट धूर निघायचा. तो कुठून आला हे औद्योगिक वसाहतीत पाळ्या करणाऱ्या माझ्या भावाला विचारायची गरज नव्हती.

खेळ म्हणजे खरं तर गप्पाच. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, आणि गोष्ट अडली की फासा टाकायचा. सांगायचं काम भावाचं. पुण्याच्या होस्टेलातून तो पदवी आणि या खेळाच्या जुन्या नियमपुस्तकाची झेरॉक्स घेऊन आला होता, आणि जपायचा ती झेरॉक्स. फाशाला आम्ही कौल म्हणायचो, कारण आम्ही गुरवाची पोरं. उमरठच्या पुढे डोंगरात आमचं गाव आहे, तिथल्या देवीचं सगळं आमच्या घराकडे. गावाला काही विचारायचं असलं की बाबा देवीला ओल्या तांदळाचे दाणे लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवा दाणा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. ते गाऱ्हाणं मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. भावाला अर्धंही येत नाही. पण बाबांच्या मागे दाणे लावायचे ते त्यानेच, कारण तो मुलगा.

म्हणून खेळात मी पुजारीण झाले. तिथे मला कुणी अडवलं नाही. माझी पुजारीण नदीकाठी उभी राहून गाऱ्हाणं घालायची, आणि मला खरोखर गाभाऱ्यातल्या तेलाचा वास यायचा. सोमवारी शाळेत फळ्यावर लिहितानाही तो हाताला असायचा. हसू येईल कुणाला, पण त्या दुपारींसारखं सुख मला दुसऱ्या कशात नव्हतं.

तिसरी माझी मैत्रीण. माझ्याच शाळेत गणित शिकवते, तुडीलच्या बौद्धवाडीतून स्कूटरवर येते. तिचं पात्र होतं एक ड्वॉर्फ, म्हणजे डोंगराच्या पोटात राहणाऱ्या बुटक्या, चिवट लोकांतली बाई. कुऱ्हाड चालवून चालवून तिला कंटाळा आला, तेव्हा तिने जाहीर केलं की आपली ड्वॉर्फ आता जादू शिकणार.

"नाही जमणार," भाऊ म्हणाला. "ड्वॉर्फला जादूगाराचा क्लास घेता येत नाही. पुस्तकात तसं आहे." क्लास म्हणजे त्या खेळातला पात्राचा पेशा.

"नव्या पुस्तकात घेता येतो." तिने मोबाईल पुढे केला. "कुणीही काहीही होऊ शकतं."

"मग ड्वॉर्फ तरी कशाला व्हायचं? सगळ्यांना सगळंच यायला लागलं तर गोष्टीत चव काय राहिली?"

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. जादूचं नाव काढलं की दारं लावून घेणारी ती ड्वॉर्फांची हट्टी गावं मलाही आवडायची.

"लावू देत दारं," मैत्रीण म्हणाली. "हसू देत तिला. तिचा बाप बोलायचा बंद होऊ दे. ते सगळं मी खेळेन. पण येतच नाही म्हणजे काय? जन्मावरून पेशा ठरवणारं पुस्तक, आणि तू ते महाडमध्ये बसून वाचून दाखवतोयस!"

भावाचा चेहरा लाल झाला. "ठेव रे ती झेरॉक्स बाजूला," मी म्हटलं, पण तो हट्टाला पेटला होता. शेवटी त्याने फासा उचलून तिच्यासमोर धरला.

"कौल लावू. पडेल तसं."

आमच्या घरात याला मनाचा मोठेपणा समजतात. भांडण देवीवर सोपवलं की कुणी कुणापुढे हरत नाही. तोही मनापासूनच फासा धरून बसला होता. ती मात्र उठली.

"ही पुजारीण झाली तेव्हा लावला होतास कौल? मग माझ्याच वेळी का? हक्काच्या गोष्टीला कौल लावत नाहीत."

तिने हेल्मेट घातलं आणि ती गेली. स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर विरला, तरी भावाची मूठ मिटलेलीच होती.

पुढे काही रविवार आम्ही दोघांनीच खेळून बघितलं. दरीत धुकं उतरलं होतं, ते हटेना. माझी पुजारीण गाऱ्हाणं सुरू करायची आणि मध्येच थांबायची. मला इथे उभं राहू दिलंय ते एका झेरॉक्सने, असं मनात आलं की शब्द कोरडे पडायचे. शाळेत मैत्रीण डब्यातली भाजी माझ्या डब्यात घालायची, पण खेळाचं नाव काढायची नाही. ती समोर बसलेली असतानाही मला तिची आठवण यायची.

मग एका रविवारी भाऊ सकाळच्या पाळीवरून आला तो तिला घेऊनच. वाकडी वाट करून तुडीलला गेला होता. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. त्याने नकाशा पसरला, घसा खाकरला.

"मनोऱ्याचं दार उघडं आहे. आत ड्वॉर्फांची एक म्हातारी बसलीय. ती म्हणते, जादू आमच्यात आधीपासून होती. पुस्तकं लिहिणारे आमच्यापर्यंत आलेच नाहीत."

मैत्रिणीने नकाशातल्या मनोऱ्यावर बोट ठेवलं. मग तिने हळूच पहिला मंत्र म्हटला, आणि धुक्यात एक लहानसा दिवा लागला. मला तो दिसला. अजूनही डोळे मिटले की दिसतो.

बाबांचे हात आता थरथरतात. यंदा पालखी निघण्याआधी गावाला देवीला विचारायचं होतं, तेव्हा दाणा काही केल्या लागेना. ते भावाला म्हणाले, "ये रे, बस पुढं."

"मला नाय येत, बाबा. ताईला सगळं येतं. ती बसंल."

"बाईमाणसानं नाय बसायचं हितं."

"कुठल्या पुस्तकात हाय?"

बाबांनी तांदळाची वाटी खाली ठेवली. तापट नाहीत ते, माया आहे त्यांची माझ्यावर. तोडगा सापडल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. "मंग देवीलाच इचारू. कौल लावू, पोरीनं बसावं का नाय. तेवढा दाणा लावीन मी कसाबसा."

समई जळत होती. तेलाचा वास इतका ओळखीचा होता की क्षणभर हे देऊळ कुठलं, गावातलं की नकाशातलं, ते मला कळेना. उजवाच दाणा पडेल अशी माझी खात्री होती. किती वर्षं वाट पाहिली होती मी. तरी माझ्या तोंडून निघालं, "नको, बाबा. त्याला बस म्हणालात तेव्हा कौल नाही लावलात. हक्काच्या गोष्टीला कौल लावत नाहीत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तांदळाच्या वाटीकडे. उठले नाहीत ते, पाटावरच थोडे बाजूला सरकले. मी तेवढ्या जागेत बसले.