दसऱ्याला बदललेला नंबर

ती केस आठवली की अजूनही डोकं तापतं. तेव्हा मी बालाघाटच्या पोलीस ठाण्यात होतो. खाजगी बसचं बुकिंग नुकतंच कम्प्युटरवर आलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक बसमालक तावातावाने ठाण्यात शिरला. त्याचा सर्व्हर चालू होता, पण एकाही तिकीट खिडकीवर बुकिंग उघडत नव्हतं. गुन्हेगारही तो सोबतच घेऊन आला होता, त्याच्याकडची लांजीची ऑपरेटर मुलगी. दसऱ्याच्या सुट्टीवरून तिने वाद घातला होता, एवढाच पुरावा.

"हिनंच बिघडवला. स्टँडवर सर्वांसमोर बोललो मी, नमकहराम आहे म्हणून."

"साहेब, मी काहून बिघडवीन? मी तर काल दिवसभर लांजीले होती," ती रडत म्हणाली.

रोजनामच्यात नोंद केली आणि गोंदियाहून इंजिनियर बोलावला. त्याने तपासून सांगितलं, सर्व्हरच्या सेटिंगच्या फाईलमधला एक नंबर बदललाय आणि खिडक्यांवरचे कम्प्युटर जुन्याच नंबरावर त्याला शोधतायत. हा सर्व्हर चालू असताना फाईल बदलली, तर बंद होताना तो स्वतःच जुना नंबर परत लिहून टाकतो. बदल टिकलाय, म्हणजे तो सर्व्हर बंद असतानाच झालाय.

"बंद केव्हा होता?" मी मालकाला विचारलं.

"बंद कशाले राहील? जनरेटर आहे ना. फक्त काल पूजेले बंद केलता."

पूजेला मालक आणि त्याचा कम्प्युटर सांभाळणारा साळा, दोघंच होते. साळ्याला ठाण्यात बोलावून घेतलं तसा तो मालकासमोरच घडाघडा बोलला. "पंडितजीनं सांगतलं, आठाचा नंबर शनीचा आहे. जिजाजी म्हणे, पूजेत बंद आहे तवर नऊचा करून टाक. केला."

"हौ, मीच सांगतलतं," मालक शांतपणे म्हणाला. "पण तेवढ्यानं बंद पडते काय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी कपाळावर हात मारला. इंजिनियरने सर्व्हर बंद करून जुना नंबर घातला, बुकिंग सुरू झालं. मालक खुशीत मुलीला म्हणाला, "चाल, कामाले लाग."

ती उठली नाही. "स्टँडवर आमच्या गावच्या लोकायनं ऐकलं. माह्या बाबाले कोण सांगन आता?"

मालकाने फोनकडे हात नेला. मी फोन ओढून घेतला. "फोन नाही. बस तुमचीच आहे. लांजीला जा आणि तिच्या दारात बोला." खोट्या तक्रारीचं कलम ऐकवल्यावर तो निघाला.

सोबत पाठवलेल्या शिपायाने परत येऊन सांगितलं, दारात उभा राहूनही मालक पंडितजींनाच बोल लावत होता. शेवटी मुलीच्या बापाने विचारलं, "माह्या पोरीनं केलं का?" तेव्हा कुठे त्याच्या तोंडून 'नाही' निघालं.

त्यानंतर कोणी तक्रारदार छातीठोकपणे दुसऱ्याचं नाव घ्यायला लागला, की मी आधी त्यालाच बसवून विचारायचो, काल तुम्ही स्वतः काय काय केलंत?