मॅनसला आजोबा सापडले

आमच्या भिंतीपलीकडे राहणारा मॅनस मॅकगार्वी कशाला भीत नाही, हे सांगणं सोपं. पावसाला भीत नाही. स्कॉटलंडमधल्या आमच्या कोटब्रिजमध्ये पावसाला भ्यायचं ठरवलं तर माणसाने घराबाहेरच पडू नये. बाकी सगळ्याला भितो. कुत्र्यांना, लिफ्टला, फोनवरच्या अनोळखी आवाजाला, आणि सगळ्यांत जास्त सरकारी लिफाफ्याला. शाळेत शिपाई होता तेव्हा संध्याकाळी फाटकाला कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परत जायचा, कुलूप ओढून बघायला. त्याची बायको रिटा म्हणायची, "लग्नाच्या दिवशी हा चर्चमध्ये वेळेवर आला, कारण न येण्याची भीती जास्त होती."

रिटा गेली. मुलगी ऊना स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला नर्स आहे. तिकडच्याच मुलाशी लग्न केलं, दोन पोरं झाली. मॅनस इथे एकटा, त्याच्या घरात वाजणारी वस्तू म्हणजे फक्त चहाची किटली.

गेल्या जानेवारीत मंगळवारी सगळ्या गल्लीचे कचऱ्याचे डबे बाहेर आले, मॅनसचा आला नाही. डबा विसरणारा माणूस नव्हे तो. उलट सोमवारी दुपारीच बाहेर काढून ठेवतो, गाडी लवकर आली तर, या भीतीने. मी दार वाजवलं, खिडकी वाजवली. शेवटी रिटाने माझ्याकडे ठेवलेल्या किल्लीने आत गेले. तो न्हाणीघराच्या फरशीवर पडला होता. सकाळी पाय घसरला होता, आता दिवे लागायची वेळ झाली होती. ओठ निळे. मला बघून म्हणाला, "डेलिया, टॉवेल टाक आधी."

मी टॉवेल टाकला, रुग्णवाहिका बोलावली, आणि ती येईपर्यंत त्याला हसवायला खूप विनोद केले. तो हसला नाही.

तेव्हापासून आमचा नियम झाला. सकाळी उठलं की तो भिंतीवर दोनदा टकटक करायचा, मी उलट दोनदा. म्हणजे दोघंही जिवंत. पण इस्पितळातून आल्यावर त्याच्या डोळ्यांत काहीतरी बसलं ते बसलंच. एकदा चहा पिताना म्हणाला, "तू त्या दिवशी तुझ्या बहिणीकडे गेली असतीस तर?"

"तर तुझा डबा पुढच्या मंगळवारीही आत राहिला असता."

"चेष्टा करू नकोस गं. मी तिथे पडून छताकडे बघत होतो. हाक मारत होतो आणि माझाच आवाज मला ऐकू येत होता."

मी चेष्टा सोडली आणि त्याचा कप भरला. माझ्या बाबतीत हे दुर्मिळ आहे, विचारा कुणालाही.

ऊना म्हणाली, बाबा, इकडे या. पण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून आमच्यासारख्यांना तिकडे तीन महिन्यांच्या वर राहता येत नाही. आयरिश पासपोर्ट असला तर कायमचं राहता येतं. आणि आजी-आजोबांपैकी एक जण जरी आयर्लंडच्या मातीत जन्मलेला असला तरी नातवाला नागरिकत्व मागता येतं.

आता कोटब्रिजमध्ये हे म्हणजे माशाला पोहायचा दाखला मागण्यासारखं. इथे प्रत्येकाची आजी आयर्लंडमधल्या डोनेगॉलची. दर जुलैला मॅनस रात्रीची बस आणि मग बोट पकडून डोनेगॉलला जातो, आजी ग्रेसच्या घरासमोर उभा राहून रडतो आणि परत येतो. ग्रेसचा फोटो त्याच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी, आणि खरं सांगायचं तर थोडा वरच. आमच्या आयरिश कॅथलिकांच्या क्लबात कुणी म्हणालं की आमचे आजोबा मेयोचे, तर मॅनस नाक मुरडून म्हणायचा, "मेयो? बरं आहे. तेही आयर्लंडच म्हणायचं."

म्हणून अर्ज करताना एवढ्याच एका गोष्टीला तो भ्याला नाही. आजीचा जन्मदाखला मागवला. उत्तर आलं: अशी नोंद नाही. वर्ष मागेपुढे करून पुन्हा मागवला. नाही.

मॅनसची पाचावर धारण बसली. "मी खोटी माहिती दिली असं म्हणतील. पोलीस येतील."

"येऊ देत. तुझ्याकडे कुणी तरी येईल तरी."

मग मी त्याच्याच फोनवरून डोनेगॉलला त्याच्या चुलत भावाला फोन लावला. पॅकी नावाचा, ऐंशीच्या पुढचा, मेंढ्या पाळतो. मी विचारलं, ग्रेसचा जन्म नक्की कुठे झाला? पलीकडून असा हसला की मी फोन कानापासून लांब धरला.

"ग्रेस? अगं, ती बटाट्यांत जन्मली!"

"कुठल्या बटाट्यांत?"

"तुमच्याकडच्या! तिची आई मजुरांच्या टोळीबरोबर स्कॉटलंडला बटाटे काढायला गेली होती, पोटुशी. एअरशायरच्या शेतावर, गोठ्यात, पेंढ्यावर बाळंत झाली. हंगाम संपल्यावर नोव्हेंबरात बाळाला घेऊन घरी आली. इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही कधी विचारलंच नाहीत, नुसते येऊन रडत होता."

मी फोन ठेवला. मॅनस खुर्चीत बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, डॉक्टरांच्या खोलीत बसतात तसा.

"एअरशायर," तो म्हणाला. "म्हणजे इथून तासाभरावर."

"दीड तास. बसने."

"डेलिया, मग मी इथेच मरणार."

त्याचा आवाज असा होता की मला टोमणा सुचला होता तो मी गिळला. आम्ही बोटांवर आजी-आजोबा मोजले. ग्रेस बाद. ग्रेसचा नवरा कोटब्रिजचा, पोलादाच्या कारखान्यातला. आईची आई याच गल्लीतली. राहिले एक. आईचे वडील.

"नाव घेऊ नकोस," मॅनस म्हणाला आणि दाराकडे बघितलं. "कॅसी मावशीला ऐकू जातं." कॅसी मावशी दोन गल्ल्या सोडून राहते.

नाव होतं सॅमी गॉल्ट. बॅलिमीनाकडचा, उत्तर आयर्लंडचा. प्रोटेस्टंट. तेही आयर्लंडच, कायद्याच्या हिशेबाने सुद्धा, पण आमच्या क्लबाच्या हिशेबाने नाही. सॅमीने कॅथलिक बाईशी लग्न केलं, मुलींना कॅथलिक होऊ दिलं, सगळं निभावलं. फक्त बारा जुलै, म्हणजे कॅथलिकांवरच्या प्रोटेस्टंट विजयाचा दिवस, आला की गळ्यात नारिंगी पट्टा घालून मिरवणुकीत बासरी वाजवत जायचा, आणि मिरवणूक जायची त्याच्याच दारावरून. बायको पडदे ओढून घ्यायची. एका बारा जुलैला तिने पडदे ओढले आणि कडीही लावली. ती कडी पुन्हा उघडली नाही. तो शेजारच्या गावात भाड्याच्या खोलीत मेला. मॅनसची आई तेव्हा तान्ही होती. थोरली कॅसी मात्र सगळं बघत होती.

उत्तरेत सॅम्युएल गॉल्ट पैशाला पासरी. कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा, हे सांगू शकणारं जगात एकच माणूस उरलं होतं. आणि त्या माणसाला मॅनस लहानपणापासून भीत होता.

मॅनस दर रविवारी चर्चमधली प्रार्थना संपली की मावशीकडे जातो. त्या रविवारी मीही गेले. नसते गेले तर हे तुम्हाला कोण सांगणार? दाराला दोन कड्या आणि एक साखळी. आतून आवाज, "कोण?" मग दुसऱ्यांदा, "नक्की?" मग एकेक कडी.

नव्वदी ओलांडलेली, पाठ ताठ, हातात जपमाळ. मॅनसने फ्रूट केक पुढे केला.

"काय हवंय?" मावशी म्हणाली.

"काही नाही मावशी. केक आणलाय."

"केक आणणाऱ्याला नेहमी काहीतरी हवं असतं. आणि ही कशाला आलीय? हिला तर नक्कीच हवंय."

मॅनसने चहाचा कप उचलला. एकदा तोंड उघडलं, मिटलं. हवामानाबद्दल बोलला. फादरच्या गुडघ्याबद्दल बोलला. शेवटी मीच म्हणाले, "मावशी, सॅमी गॉल्ट कुठल्या गावी जन्मला?"

मॅनसने डोळे मिटले.

मावशीने जपमाळ मांडीवर ठेवली. "माझी आई गेल्यापासून या घरात ते नाव कुणी घेतलेलं नाही."

"आता घेतलं," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघेचना. मॅनसकडे बघत होती. "ऊनाकडे जायचंय ना तुला? कायमचं?"

"हो... म्हणजे, मिळालं तर."

"मला माहीत नाही तो कुठला ते." आणि मग, "तू गेलास की रविवारी कोण येणार?"

मॅनस कपातला चहा ढवळत राहिला.

"मला मरायची भीती नाही रे," मावशी म्हणाली. "माझं सगळं तयार आहे, कपडे सुद्धा. पण मेले आणि रविवारीही कुणाला कळलंच नाही तर? मांजर तरी असतं तर ओरडलं असतं."

मॅनसने कप खाली ठेवला. "मावशी, मी पडलो होतो. जानेवारीत."

"कुठे?"

"न्हाणीघरात. दिवसभर. तुला सांगितलं नाही, तू घाबरशील म्हणून." त्याचा आवाज फाटला. "मला तिथे हेच दिसत होतं. तू म्हणतेस तेच. की कुणाला कळणारच नाही. आता झोपताना रोज दिसतं. मला जायला हवं मावशी. आणि तुला सोडून जायचं म्हटलं तरी हेच दिसतं, तुझ्या फरशीवर."

ती ताठ बाई हळूहळू पुढे वाकली आणि त्याचं मनगट धरलं. मी छताकडे बघितलं. मला अशा वेळी काय करावं कळत नाही.

"बॅलिमीनाच्या पलीकडे," मावशी म्हणाली. "ब्रॉशेन. नदीकाठी गिरणी होती, तिच्यामागचं घर. बापाचं नाव रॉबर्ट, आईचं मार्था. मला गुडघ्यावर बसवून सांगायचा, घोडा घोडा करत. गिरणीचा आवाज काढायचा तोंडाने." मग लगेच मनगट सोडून माझ्याकडे बोट केलं. "क्लबात कळलं तर तुझी जीभ कापीन."

मी आईची शपथ घेतली. ती शपथ मी सगळ्या शपथा पाळते तशीच पाळली. पुढच्याच आठवड्यात क्लबात कुणीतरी विचारलं, "काय मॅनस, बारा जुलैला पट्टा इस्त्री करून ठेवलायस का?" मॅनस इतका लाल झाला की मलाच दया आली. क्षणभर.

जन्मदाखला या वेळी पहिल्याच खेपेला मिळाला. सगळे अस्सल कागद टपालाने डब्लिनला जायचे होते. मॅनसने पाकीट पेटीत टाकलं आणि हात आतच ठेवून उभा राहिला. मी मागे ओढला. मग सगळं थंडावलं ते महिनोन् महिने. टपालवाला दिसला की मॅनस घाबरायचा, नाही दिसला की त्याहून जास्त. सकाळची टकटक लवकर लवकर यायला लागली. झोप नव्हतीच.

लिफाफा आला तेव्हा मॅनस तो घेऊन माझ्या दारात उभा राहिला, अनवाणी. "तू उघड."

मी उघडला. वाचलं. म्हटलं, "अभिनंदन, सॅमी गॉल्टच्या नातवा."

मॅनस पायरीवर बसला. मला वाटलं आनंदाने रडेल. तो म्हणाला, "आता खरंच जावं लागणार."

गेला. पासपोर्टचं काम उरकून ऑक्टोबरात. विमानाला भीत, सामानाला भीत, स्पॅनिश डॉक्टरांना भीत. जाताना आजी ग्रेसचा फोटो नेला, बटाट्यांसकट. कॅसी मावशी दारापर्यंत आली, पण कडीला हात लावून उभी राहिली, त्याला मिठी मारली नाही. तो वळून बघत राहिला. गाडी गेल्यावर तिने कड्या लावल्या, आणि आतून मी ऐकलं ते मी शपथेवर सांगते, आता माझ्या शपथेचं काय ते तुम्ही ठरवा. ती गुणगुणत होती. जपमाळेचं काही नव्हतं ते. बारा जुलैला बासरीवर वाजतं ते होतं.

आता असं चालतं. सकाळी मॅनस स्पेनहून मिस्ड कॉल देतो, एक घंटी. मग मी मावशीला फोन लावते. ती उचलते, "नाही मेले अजून," म्हणते आणि ठेवते. रविवारी मी केक घेऊन जाते, आणि ती विचारते, काय हवंय.

पलीकडच्या घरात अजून कुणी राहायला आलेलं नाही. फोन झाले की मी भिंतीवर दोनदा टकटक करते, सवयीने, आणि मग थोडा वेळ तिथेच उभी राहते.