बोकडाचा वास

लग्न होऊन वरकुट्याला आले त्याच वर्षी नणंदेला बघायला पाहुणे आले. सासूबाई म्हणाल्या, "दूध हुंगून मग चहात घाल गं." मी हुंगलं. चांगलं वाटलं. पाहुण्यांनी एकेक घोट घेतला आणि कपबश्या खाली ठेवल्या. दुभती शेळी मी माजावरच्या बोकडाशेजारी बांधली होती. त्याचा वास दुधाला लागला होता. एक म्हातारे म्हणाले, "चहात बोकड बुडवलाय व्हय?" सगळे हसले. ते स्थळ काही जमलं नाही. पुढं नणंदेचं लग्न होईपर्यंत सासूबाईंचं एकच, "मेंढरं राखणाऱ्याची लेक, अन् हिला बोकडाचा वास कळंना!"

मला तो वास येतच नव्हता. सांगायचा धीर झाला नाही. माहेरी सांगवीला गेले तेव्हा आईला विचारलं. भाकरी थापायची थांबून ती म्हणाली, "मलाबी न्हाय येत. तुझ्या आजीलाबी येत नव्हता. बाकीच्यांनी नाक धरलं की आपून धरायचं."

मी तसंच करू लागले. पण कुठं बसले तरी नजर लोकांच्या नाकाकडं जायची.

मुलगी पहिलीत गेली. गोठ्यापाशी तीही नाक धरायची. मला बरं वाटायचं. मग एकदा दिसलं, ती आधी माझ्या तोंडाकडं बघते.

तिला सर्दी झाली म्हणून निमगाव केतकीला डॉक्टरांकडं नेलं. निघता निघता कसंबसं विचारलं, मला बोकडाचा वास का येत नाही. ते म्हणाले, "मेथी, रॉकेल यांचा वास येतो ना? मग हा रोग नाही. वेगवेगळे वास ओळखायला नाकात वेगवेगळ्या जागा असतात. त्या कशा घडवायच्या ते जनुकांत लिहिलेलं असतं. तुमच्यात त्यातलं एखादं चुकलं असेल. आईबापाकडून येतं ते."

"हिलाबी?"

"असेल, नसेलही."

असेल की नसेल, या विचारानं पुढचे काही दिवस कामात लक्ष लागेना. तिची सर्दी गेल्यावर बोकडाच्या मानेवर फडकं घासलं, पदरानं तिचे डोळे झाकले आणि फडकं नाकाशी धरलं.

"काय हाय सांग."

तिनं दोनदा हुंगलं. "फडकं हाय की. ओलं हाय जरा."

"बोकडाचं हाय," मी म्हणाले.

तिनं लगेच नाक धरलं. अगदी माझ्यासारखं, दोन बोटांनी. मी तिचा हात खाली घेतला.