साडूंचे लेझरशी वैर

प्रकाशाशी उघड वैर पत्करलेला मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू आहे. कामठीचे हे गृहस्थ तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. तिथे प्रत्येक गोळा दोन पोलादी कड्यांतून पारखला जाई. मोठीतून तो गेलाच पाहिजे, लहानीतून जाता कामा नये. निवृत्तीनंतर त्यांनी तशाच दोन कड्या घडवून घेतल्या आणि घरचे लाडू तपासू लागले. नापास माल नष्ट करणे हे तपासनिसाचे कर्तव्य, म्हणून नापास लाडू ते एकटेच नष्ट करीत. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, अचूक लाडू वळायला शिकल्या, तेव्हा मोठी कडी अचानक लहान झाली. पोलाद थंडीत आकसते, हे त्यांचे स्पष्टीकरण मी विज्ञानाचा शिक्षक असूनही मुकाट्याने ऐकले. पुढे मधुमेह आला, तो याच वाटेने.

आता युद्धात लेझरही शस्त्र म्हणून वापरतात, हे त्यांना सांगण्याची चूक माझी. सवयीप्रमाणे मी क्रमाने समजावले. किरण प्रकाशाच्या वेगाने जातो. ड्रोनच्या एकाच जागी काही सेकंद रोखून धरला की ती जागा जळते आणि ड्रोन कोसळतो. वीज आहे तोवर दारूगोळा संपत नाही. साडू उसळले. “मास्तर, ज्याले वजन नाही ते हत्यार कायचं गा? आमचा गोळा पायावर पडला तर माणूस महिनाभर लंगडते. तुमचा लेझर पाडून दाखवा पायावर!” दुसरी बाजूही सांगावी, म्हणून मी म्हणालो की धुके, धूळ आणि पाऊस यांत हा किरण विखुरतो, दुबळा होतो. त्या दिवसापासून साडू धुक्याच्या पक्षात गेले. हिवाळ्यात कन्हान नदीकडून धुके आले की गच्चीवर उभे राहून सगळ्या आळीला ऐकवीत, “आज लेझर बेकार!”

नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की साखरेमुळे पडदा बिघडतो आहे, लेझर केले नाही तर दृष्टी जाईल. साडूंनी साफ नकार दिला. शत्रूला कायमचे आंधळे करण्यासाठी बनवलेल्या लेझरवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, हेही दुर्दैवाने मीच शिकवले होते. “दुश्मनाच्या डोळ्यावर चालत नाही, मंग माह्या डोळ्यावर काहून? मी दुश्मनापेक्षा गयागुजरा हाओ का?”

“अहो, आंधळे झाल्यावर लाडू कसे तपासान?” ताईंनी विचारले.

“हातानं!”

शस्त्राचा किरण वेगळा आणि उपचाराचा मोजून दिलेला किरण वेगळा, हे मी फळ्याशिवाय तीनदा समजावले. व्यर्थ.

एका सकाळी मी नागपूरहून गेलो, तेव्हा साडू गच्चीवर मोठ्या उत्साहात होते. “या मास्तर! पाहून राह्यले ना धुकं? आज लेझर बेकार!”

समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या वड्या मला एकेक मोजता येत होत्या. ताई हळूच म्हणाल्या, “चार दिवसांपासून रोजच धुकं आहे यांचं.”

“दादा,” मी म्हणालो, “ऊन आहे.”

त्यांनी समोरच्या वड्यांकडे तोंड वळवले. मग खिशातून मोठी कडी काढून त्यांनी आधी उजव्या डोळ्याला लावली, नंतर डाव्या. पन्नास हजार गोळे तपासल्याच्या निर्विकार आवाजात म्हणाले, “उजवा पास. डावा नापास.” आणि चपला शोधू लागले.

डॉक्टरांसमोर लेझरच्या यंत्रावर हनुवटी टेकवण्यापूर्वी त्यांनी बजावले, “मारा साहेब. पण ध्यानात ठेवा, मी शरण नाही आलो, तह कराले आलो.” बाहेर आल्यावर पहिला शेरा हाच, “आवाजबी नाही! हत्यार म्हणे!”

उजवा डोळा वाचला. डाव्याला उशीर झाला होता. अजूनही लख्ख उन्हाच्या सकाळी साडू गच्चीवर जातात, चांगला डोळा तळव्याने झाकतात, डाव्याने कन्हानच्या दिशेला पाहतात आणि आळीला ऐकवतात, “आज लेझर बेकार!” वर्गात मी चुकीचे उत्तर कधी खपवून घेतले नाही. तिथे मात्र त्यांच्या शेजारी उभा राहून म्हणतो, “हो दादा, दाट आहे.”